देवाच्या दरबारात उलटतपासणी होत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत न्यायावर जो लेख आला त्याच्या शेवटी लेखकानं म्हटलंय की माणसाच्या कोर्टात न्याय मिळो ना मिळो, परमेश्वराच्या दरबारात सगळ्यांचा हिशोब होतोच, म्हणून कोर्टकचेऱ्यांत आयुष्य घालवण्यापेक्षा मनःशांती शोधावी. मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात आणि हायकोर्टाच्या खंडपीठात मिळून २९ वर्षं वकिली करतोय. हे वाक्य वाचून मला फार त्रास झाला, कारण हेच वाक्य मी माझ्या टेबलासमोर बसलेल्या बायकांच्या तोंडून कितीदा तरी ऐकलंय आणि ते त्यांच्या तोंडी कोण घालतं तेही पाहिलंय.

एक उदाहरण देतो, त्या बाईंची परवानगी घेऊन, नाव न सांगता. काटोलकडची वडिलोपार्जित संत्र्याची बाग, दोन भाऊ आणि ही एकच बहीण. वडील गेले, तेरवी झाली आणि आठवडाभरात भाऊ तिला गाडीत बसवून रजिस्ट्री ऑफिसला घेऊन गेले, फेरफाराला तुझी सही लागते म्हणाले, आणि जिथं सही घेतली तो कागद हक्कसोड पत्र होता. महिन्याभरानं सातबारा काढला तेव्हा कळलं की तिचं नावच नाही. मग ती कोणाकडे गेली तर घरच्या महाराजांकडे. त्यांनी सांगितलं की भावांशी भांडून माहेर तोडू नको, दान केलं समज, देव तुला दुसरीकडून भरून देईल. ती गप्प बसली. माझ्याकडे आली तेव्हा दावा लावायच्या मुदतीतले जेमतेम चार महिने उरले होते. मी विचारलं, एवढे दिवस काऊन थांबल्या बाई? तर म्हणाल्या, "वकीलसाहेब, वरचा पाहून राह्यला होता नं, मले वाटलं तो करन बरोबर."

आता कायदा काय आहे ते सांगतो, कारण हे वाचणाऱ्या बायका असतील. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं जन्मापासून दिलाय आणि २००५ साली वडील जिवंत होते की नव्हते यानं फरक पडत नाही हे सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलंय. खोटं सांगून सही घेतली असेल तर तो दस्त रद्द करून मागता येतो, पण फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत. तीन वर्षं म्हणजे तीनच वर्षं. देवाच्या भरवशावर घालवलेले महिने कोर्ट वजा करून देत नाही. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून थांबू नका, १९८७ च्या कायद्यानं कोणत्याही बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न विचारलं जात नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन अर्ज करायचा.

त्या लेखात पुढे पूर्वजन्मीच्या कर्माची गोष्ट आहे, की आज जो भोगतोय तो मागचं फेडतोय. यावर मला थोडं सविस्तर बोलायचंय. माझ्याकडे एखादा आरोपी येतो, अगदी खुनाचा असला तरी, त्याला का पकडलं हे सांगावं लागतं, तसं राज्यघटनेच्या २२ व्या कलमातच लिहिलंय. चार्जशीटची कॉपी द्यावी लागते, वकील द्यावा लागतो, आणि शिक्षा ठरवण्याआधी सुद्धा न्यायाधीश त्याला विचारतात की तुला काही सांगायचंय का. आणि कर्माच्या कोर्टात काय होतं? गुन्हा कोणता ते आठवत नाही, आरोप कोणी ठेवला माहीत नाही, नोटीस नाही, बाजू मांडायची सोय नाही, शिक्षा मात्र चालू, आणि ती सुद्धा जन्मतः पांगळ्या झालेल्या लेकराला. दुसऱ्याचं ऐकून घेतल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा नाही हे आमच्या धंद्यातलं पहिलं तत्त्व आहे, आम्ही एखाद्या शिपायाला नोकरीतून काढलेलं सुद्धा या एका मुद्द्यावर रद्द करून आणतो. मग विश्वाचा कारभार त्याहून कमी दर्जाच्या चौकशीवर चालतो हे मी का मानायचं? हेच उत्तर ज्यांना पिढ्यानपिढ्या ऐकवलं गेलं, की तुमचं हीनपण तुमच्या मागच्या पापाचं फळ आहे, त्यांच्यातल्या लाखो लोकांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरात दीक्षाभूमीवर ते उत्तर नाकारलं. त्यांच्यासमोर उभा असलेला माणूस बॅरिस्टर होता हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तत्त्वज्ञानाबद्दल माझ्या मनात तिरस्कार नाही. सहा दर्शनांतल्या एकाचं तर नावच न्याय आहे आणि त्यात जे सांगितलंय ते आम्ही रोज करतो, पुरावा कशाला म्हणायचं याचाच तो विचार आहे. प्रत्यक्ष म्हणजे स्वतः पाहिलेलं, अनुमान म्हणजे खुणेवरून काढलेला निष्कर्ष, उपमान म्हणजे साम्यावरून ओळखलेलं, आणि शब्द, अशी चार प्रमाणं. पहिल्या तिघांशी माझं भांडण नाही. चौथं शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचं बोलणं, तिथं मी अडतो. मी सरपंच पाहिलेत, हेडमास्तर पाहिलेत, कीर्तन करणारे पाहिलेत, सगळे गावात विश्वासू, आणि सरतपासणीत, म्हणजे आपल्याच बाजूच्या वकिलाच्या प्रश्नांना, असं धडाधड बोलले की वाटावं हेच सत्य, आणि उलटतपासणीच्या चौथ्या प्रश्नाला घामाघूम झाले. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की ज्याला प्रश्न विचारता येत नाही त्याचा शब्द पुराव्यात घ्यायचा नाही, मग तो ग्रंथ असो, महाराज असो की विद्यापीठातला मोठा प्रोफेसर असो. त्याच दर्शनात चर्चेचे तीन प्रकार पण सांगितलेत, वाद म्हणजे सत्य शोधायला, जल्प म्हणजे जिंकायला आणि वितंडा म्हणजे नुसतं दुसऱ्याचं खोडायला. आम्ही वकील बहुतेक वेळा जल्प करतो, हे मी कबूल करतो. पण आमच्या जल्पावर निदान न्यायाधीश बसलेला असतो आणि त्याच्यावर अपील असतं.

शपथेचं पण तेच. सिनेमात दाखवतात तसं कोर्टात गीतेवर हात ठेवायला लावत नाहीत, १९६९ च्या शपथ कायद्यात ईश्वराच्या नावानं शपथ घ्या किंवा नुसती गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा, दोन्ही चालतं, आणि शपथ द्यायची राहिली तरी साक्ष बाद होत नाही. ईश्वराचं नाव घेतल्यानं कोणी खोटं बोलायचं थांबलंय असं मला २९ वर्षांत दिसलं नाही.

आणि आता ते, ज्याबद्दल नागपूरकर अजून हळू आवाजात बोलतात. १३ ऑगस्ट २००४ ला आपल्याच जिल्हा न्यायालयात, भर कोर्टरूममध्ये, कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावानं अक्कू यादवला मारलं. तो वर्षानुवर्षं त्या वस्तीला छळत होता, बलात्काराचे आरोप होते, बायका तक्रारी करून थकल्या होत्या आणि तो पुन्हा जामिनावर सुटेल ही भीती होती. त्या दिवशी मीही कोर्टाच्या आवारात होतो, तो गलका अजून कानात आहे. संध्याकाळी चहाच्या टपरीवर लोक म्हणत होते, देवानं न्याय केला. मला तेव्हाही ते पटलं नाही. ज्या बायांची अब्रू गेली त्यांच्या केसेस कधी नीट चालल्याच नाहीत, त्यांचं म्हणणं कोणी लिहून घेऊन तपासलं नाही, आणि ज्यांच्यावर खुनाचा खटला झाला ते सगळे दहा वर्षांनी, २०१४ मध्ये पुराव्याअभावी सुटले. म्हणजे ना त्या पीडित बायांना न्याय मिळाला ना त्या खुनाचा निकाल लागला. याला जर वरच्या दरबाराचा न्याय म्हणायचं तर पोलीस आणि कोर्टानं काय करायला हवं होतं हा प्रश्नच पुसला जातो, आणि मला तोच प्रश्न जिवंत ठेवायचाय.

लेखकाची एक गोष्ट खरी आहे. आमच्याकडे उशीर होतो, फार होतो. पेशीवर पेशी पडते, साक्षीदार मरून जातात, माझ्या एका वाटणीच्या दाव्यात तर वादी पण गेला आणि प्रतिवादी पण, आता नातू लढतायत. लोक देवाकडे वळतात त्यात आमचा वाटा मोठा आहे. पण त्यावर उत्तर म्हणून रिकामी पदं भरा, कोर्टं वाढवा, आम्हा वकिलांना उगाच तारखा मागू देऊ नका, असं लिहायला हवं होतं. मनःशांती शोधा हा सल्ला भावांना कोणी देत नाही, तो नेहमी बहिणीलाच दिला जातो.

त्या बाईंचा दावा मुदतीत लागला. त्यांची उलटतपासणी झाली, दोन तास, एकदाही डगमगल्या नाहीत. पुढच्या महिन्यात मोठ्या भावाची आहे. तोही ईश्वराची शपथ घेईल, आणि मी त्याला एवढंच विचारणार आहे की रजिस्ट्री ऑफिसात सही करायच्या आधी तो कागद बहिणीला वाचून दाखवला होता का.

आपला,
एक वकील, सिव्हिल लाइन्स, नागपूर