सुधारला नव्हे, सुतक फिटलं

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आमच्या सांगलीत ‘धिस मस्ट बी द प्लेस’ या 2011 सालच्या चित्रपटाचा खेळ झाला आणि त्यावर चर्चाही झाली. त्याची बातमी आपल्या अंकात आली, त्याबद्दल आधी आभार. एका परदेशी सिनेमावर चाळीसएक माणसं रात्री दहापर्यंत भांडत बसतात, ही बातमी व्हायलाच हवी. पण तिचं शेवटचं वाक्य मला चार दिवस टोचतंय. ‘अखेरीस नायक केस कापून, तोंडाची रंगरंगोटी पुसून सुधारतो आणि माणसांत येतो.’ आपल्या वार्ताहराने हा शब्द मनाने घातला असं मी म्हणत नाही. चर्चेत दोघांनी तो वापरला होता. मी हात वर केला होता, पण माइक आमच्या रांगेपर्यंत येईतो सभागृहाचा शिपाई खुर्च्या उचलायला लागला. म्हणून हे पत्र.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चेयेन नावाचा पन्नाशीचा गायक डब्लिनमध्ये एका भल्यामोठ्या घरात राहतो. एके काळी जगभर नाव होतं, आता गाणं बंद. जुन्या रेकॉर्डींचे पैसे येतात, त्यावर चाललंय. पण रोज सकाळी उठून ओठांना लाली, डोळ्यांत काजळ, नखांना रंग आणि केस पिंजारलेले, हा नेम चुकत नाही. हा चेहरा घेऊन चाकांची पिशवी ओढत तो बाजारात जातो. मग न्यूयॉर्कहून निरोप येतो, वडील अत्यवस्थ आहेत. बापलेकांचं तीस वर्षं बोलणं नाही. विमानाची भीती वाटते म्हणून हा बोटीने निघतो आणि पोचतो तेव्हा वडील गेलेले असतात. वडील ज्यू, नाझींच्या छळछावणीतून वाचलेले. तिथे त्यांचा अपमान करणाऱ्या एका जर्मनाला ते जन्मभर शोधत होते. ते अर्धं राहिलेलं काम मुलगा अंगावर घेतो. चेयेनचं काम शॉन पेनने केलंय, दिग्दर्शक इटलीचे पाओलो सोरेन्तिनो.

चर्चेचा पहिला अर्धा तास तर हा माणूस पंक की गॉथ, यातच गेला. इंजिनीअरिंगच्या एका विद्यार्थ्याने उभं राहून सांगितलं, पंक म्हणजे 1976-77 च्या लंडनमधली बेकार पोरं, तीन कॉर्ड आणि व्यवस्थेला शिव्या. हा गॉथ, त्यानंतरच्या काळातला, काळे कपडे आणि उदास गाणी, ‘द क्युअर’ या इंग्लिश बँडच्या रॉबर्ट स्मिथवर बेतलेला. मुलगा बोलला छान. दुसरा म्हणाला, पंक हे वागण्यात असतं, तीन कॉर्डांत नव्हे. मला दोघांचंही पटलं. निवृत्त प्राध्यापकांचा एक गट मात्र ठाम होता की हे दोन सिनेमे एकात कोंबलेत. थकलेल्या गायकाचा वेगळा करा, नाझीच्या शोधाचा वेगळा, गायकाला नाझी शोधायला पाठवायचं कारणच काय? कान महोत्सवात हा स्पर्धेत होता तेव्हाही काहींना हेच वाटलं होतं म्हणे. तिथे त्याला ख्रिस्ती परीक्षक मंडळाचं पारितोषिक मिळालं, हेही कुणीतरी सांगितलं.

मध्येच मागून एक जण म्हणाला, ‘म्हातारपणी लिपस्टिक लावून हिंडतो, बायको कशी खपवून घेते?’ आणि सभागृह हसलं. हे मात्र मला सांगलीला शोभलं नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये याच गावात ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा सीता कोण झालं होतं? बाई नव्हती. नागठाणे आपल्याच जिल्ह्यातलं, तिथले नारायणराव राजहंस शेजारच्या मिरजेत शकुंतला होऊन उभे राहिले आणि पुढे अर्ध्या महाराष्ट्रातल्या बायका त्यांच्यासारखं नेसायला शिकल्या. पोटची पोर गेली त्याच दिवशी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, तरी बालगंधर्व तोंडाला रंग लावून उभे राहिले. आणि रंग लावून उभ्या राहिलेल्या पुरुषाला आपण हसायचं? रंग कशासाठी लावलाय ते आधी बघा, मग हसा.

तर या माणसाने तो कशासाठी लावलाय? चर्चेत यावर कुणी बोललं नाही. सिनेमात त्याचं उत्तर पहिल्या भागातच आहे. त्याची उदास गाणी ऐकून दोन कोवळ्या भावांनी जीव दिलेला असतो. त्या दिवसापासून याने गाणं सोडलं. तो त्यांच्या थडग्यावर जातो, पण त्या मुलांच्या आईबापांना तो तिथे नको असतो. पुढे न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड बर्न हा गायक त्याला भेटतो (हा खराखुरा गायक आहे, सिनेमात स्वतःच्याच नावाने आलाय). त्याच्यासमोर चेयेन ओरडतो, तू कलावंत आहेस, मी नाही, मी फक्त पैसा येतो म्हणून रडकी गाणी लिहिली. एवढं ज्याच्या मनात आहे तो हौसेने तोंड रंगवत असेल का? मला तर तो रंग सुतकातल्या माणसाच्या वाढलेल्या दाढीसारखा दिसला. लाली पुसायची म्हणजे त्या दोन पोरांचं संपलं असं म्हणायचं. ते त्याला म्हणवत नाही. म्हणून जसा होता तसाच राहिला, वर्षानुवर्षं.

आता केस. माझं माहेर अलिबागचं. आमच्या शेजारी बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, कुटुंब होतं, गावात त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्याकडे आजोबा वारले तेव्हा सगळे सात दिवस जमिनीवर बसले होते आणि घरातले आरसे झाकलेले होते. मी आठ-नऊ वर्षांची, आरशावरची चादर उचलून बघायला गेले आणि आईचा मार खाल्ला. त्यांच्यात वडील गेल्यावर निदान तीस दिवस केस-दाढीला हात लावत नाहीत. आपल्याकडे उलट, दहाव्याला घाटावर बसून केस उतरवायचे. उलटसुलट असलं तरी गोष्ट एकच आहे. बाप गेला की मुलाच्या डोक्यावर ते दिसतं. चेयेन वडिलांचं काम पुरं करतो, म्हणजे त्या नाझीला शोधतो, म्हाताऱ्याला मारत नाही, उघड्या अंगाने पांढऱ्याफटक मोकळ्या रानात चालायला लावतो. आणि मगच त्याचे केस कापलेले दिसतात, तोंड धुतलेलं दिसतं. प्राध्यापक मंडळींना हे दोन वेगळे सिनेमे वाटले. कृष्णेच्या घाटावर एक सकाळ बसलं असतं तर वाटले नसते.

आता हे मी एवढ्या जोरात का सांगते, तेही लिहिते. नाव छापू नये एवढी विनंती.

आमचे हे 1980 च्या दशकात एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. गणपतीच्या दिवसांत सांगली, मिरज, जयसिंगपूर, इचलकरंजी, एका रात्रीत दोन-दोन मांडव. खांद्यापर्यंत केस, चमकीचं जाकीट. सासरे हळदीच्या अडतीत दिवाणजी, पांढरी टोपी, धोतर. मुलाचे केस त्यांना सहन होत नसत. एका घरात राहून बापलेक तीन वर्षं बोलले नाहीत. ‘त्याला म्हणावं पान वाढलंय’, ‘त्यांना म्हणावं मी जेवून आलोय’, असं सासूबाईंमार्फत चाले, आणि दोघंही स्वयंपाकघराच्या दारातच उभे असायचे.

1988 च्या गणपतीत सासरे गेले. हे इचलकरंजीला. शेजारच्या फोनवरून निरोप गेला तो एका मांडवातून दुसऱ्या मांडवात फिरत राहिला. हे पहाटे आले, तोवर सगळं आटोपलं होतं, धाकट्या दिरांनी अग्नी दिला होता. दहाव्याला घाटावर न्हाव्यासमोर बसले. पावसाळ्याचं पाणी, कृष्णा तांबडी, वरच्या दोनच पायऱ्या मोकळ्या होत्या. ते खांद्यापर्यंतचे केस ओल्या पायरीवर पडले. पिंड ठेवला तर कावळा लगेच शिवला. सगळ्यांना बरं वाटलं, यांना नाही. सासूबाई घरी म्हणाल्या, ‘त्यांचा राग कधीच गेला होता रे, तुलाच कळलं नाही.’ मी यांना त्यांच्या आयुष्यात तेवढं एकदाच रडताना पाहिलंय.

आणि तेराव्याला जेवायला आलेली अर्धी पेठ काय म्हणाली असेल? ‘चला, पोरगं सुधारलं.’

संपादकमहाशय, ते सुधारले नव्हते. दिवाळीनंतर बारीक केसांनी पुन्हा ऑर्केस्ट्रात उभे राहिले आणि पुढे चार-पाच वर्षं वाजवलं. मग ठिकठिकाणी कॅसेटवर नाच सुरू झाले, ऑर्केस्ट्राच बसला, तेव्हा मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. केसांचा आणि सुधारण्याचा काही संबंध नव्हता. ते केस सासऱ्यांना दिले होते.

सिनेमातल्या बायकोबद्दलही चर्चेत कुणी बोललं नाही, ‘कशी खपवून घेते’ एवढं सोडून. फ्रान्सिस मॅकडॉर्मंडने केलेली ती बाई आगीच्या बंबावर नोकरी करते. दिवसा लोकांच्या घरच्या आगी विझवायच्या आणि घरी येऊन रिकाम्या पोहण्याच्या तलावात नवऱ्याबरोबर चेंडू खेळायचा. ती त्याला एकदाही म्हणत नाही की आता हे पुसून टाक. खपवून घेणं वेगळं आणि वाट बघणं वेगळं.

आणखी एक प्रसंग, ज्यावर विद्यार्थी खूश होते आणि मीही. अमेरिकेत एका घरातला जाडसर मुलगा चेयेनला एक गाणं वाजवायला सांगतो. तेच हे गाणं, ज्यावरून सिनेमाचं नाव पडलंय. हा म्हणतो, हे टॉकिंग हेड्सचं. मुलगा म्हणतो, नाही, आर्केड फायरचं. खरं तर गाणं 1983 चं, टॉकिंग हेड्सचंच, म्हणजे त्या डेव्हिड बर्नच्या बँडचं, पण पोराने आर्केड फायर या नंतरच्या बँडच्या तोंडून ऐकलेलं. आपल्याकडची पोरं रिमिक्सलाच मूळ गाणं समजतात तसं. चेयेन थोडा वाद घालतो, मग गिटार घेतो आणि वाजवतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. समोर स्टेज नाही, दिवे नाहीत, सुरात-बेसुरात गाणारा एक पोरगा आहे. तिथे आमच्या यांनी माझा हात धरला. छत्तीस वर्षांत नाटक-सिनेमाला बसून यांनी कधी हात धरलेला मला तरी आठवत नाही.

आमची गिटार आता नाही. 2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागातल्या आमच्या घरी माळ्यापर्यंत आलं होतं. पाणी उतरल्यावर गिटारीची मान पिळवटलेली निघाली. गाद्या, धान्य, पुस्तकं यांच्याबरोबर तीही रस्त्यावरच्या ढिगात टाकली. हे त्या दिवशी काही बोलले नाहीत. पण तिच्या सहा खुंट्या पक्कडीने काढून एका भडंगाच्या डब्यात ठेवलेल्या आहेत, हे मला सोमवारी सकाळी कळलं. हे डबा घेऊन ओसरीवर बसले होते आणि माझ्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली रिकामी झाली होती.

तरी कृपया त्या बातमीतल्या ‘सुधारतो’ या शब्दाची दुरुस्ती छापावी. आणि पुढच्या खेळाला दोन माइक ठेवावेत, एक मागच्या रांगांसाठी, असं आयोजकांना आपल्यामार्फत कळवावं.

आपली,
एक वाचक
गावभाग, सांगली