मावशी, तुमच्या त्या चिठ्ठीबद्दल

मावशी,

तोंडावर आभार मानायला गेले की तुम्ही "पुरे गं, चहा घे" म्हणता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

२ ऑक्टोबर २०२५. योम किप्पूर या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी मँचेस्टरच्या हीटन पार्क सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर, हल्ला झाला, दोन माणसं गेली. इथे लंडनमध्ये माझं धर्मांतराचं शिक्षण तेव्हा अर्ध्यावर होतं. जो तो विचारायचा, "या दिवसांत कुणी ज्यू होतं का?" धर्मांतरासाठी आधी जिथे नाव घातलं होतं, त्यांनी वर्षभर माझ्या पत्रांना उत्तर दिलं नव्हतं. आता कळवलं, वातावरण निवळल्यावर बघू. ते वाक्य मला अजून बोचतं.

तुम्ही मात्र कधीच 'कशाला' विचारलं नाहीत. त्याचं कारण मला उशिरा कळलं. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, बेने इस्राएलांच्या, तुम्हा मराठी ज्यूंच्या, लग्नाआधी आजी-पणजीपर्यंतची चौकशी करायचं फर्मान काढलं, आणि ते मागे घ्यायला १९६४ उजाडलं. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी धर्माची विश्रांती म्हणून तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या या 'शनवार तेल्यां'च्या लेकरांना विचारलं गेलं, तुम्ही खरे ज्यू का? तुमच्या घराने ते सोसलं होतं. सोसलेली माणसं पुष्कळदा दार घट्ट लावून घेतात. तुम्ही बाकावर सरकून मला जागा दिलीत.

आणि ती चिठ्ठी! मिकवेच्या, म्हणजे धर्मांतराच्या स्नानाच्या, आदल्या दिवशी वहीच्या पानावर शेमा ही ज्यूंची मुख्य प्रार्थना आणि बुडी घेतानाचा आशीर्वाद देवनागरीत लिहून दिलात. 'बारुख'मधल्या ख भोवती गोल, बाजूला बारीक अक्षरात: 'घशातून. घाबरलीस तर मराठीत वाच, त्याला समजतं.' मला हिब्रू अक्षरं येत होती, मावशी. पण भीतीने ती पुसली जातील, हे तुम्ही ओळखलंत.

बेथ दीनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, तिघा रब्बींनी तालमूद या धर्मग्रंथातला जुना प्रश्न विचारलाच: आज इस्राएलचे लोक छळले जातात, हाकलले जातात, ठाऊक आहे ना? मी म्हटलं, ठाऊक आहे, आणि माझी तेवढी लायकी नाही. आवाज कापला. पण पाण्यात तो कापला नाही, कारण शेमा मला तुमच्या अक्षरात दिसत होता.

चिठ्ठी ओल्या बोटांनी थोडी फिसकटली आहे. सिद्दूरमध्ये, माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात, जपून ठेवली आहे.

एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाने करतात तो, मलिदा करायचा आहे. पोहे, नारळ, वेलची मी घेऊन येते. बाकी तुम्ही सांगाल तसं.

तुमची,
रूथ