वर्गणीच्या वहीतलं ‘सार्वजनिक’

पुणे,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय मेधा,

परवा फोनवर तू इतकी वैतागली होतीस की मी नुसतं हं हं करत राहिले. तुझ्या खिडकीखाली गणपतीतल्या डीजेची भिंत, आत सासूबाईंचं नुकतंच झालेलं ऑपरेशन, कपाटातल्या कपबशा थरथरतायत. ‘देवधर्म घरात ठेवावा माणसानं, रस्त्यावर कशाला?’ असं म्हणालीस आणि वर मलाच धरलंस, ‘तू त्यावरच पीएचडी करतेस ना? मग सांग तुझ्या त्या लोकांना!’ माझे ते लोक कोण ते मला अजून कळलेलं नाही, पण तुझं वाक्य डोक्यातून जाईना. आता पितृपंधरवडा लागलाय, गल्ली शांत आहे, तेव्हा सावकाश लिहिते.

पहिल्यांदा कबुली. चार वर्षांपूर्वी गाइडसमोर सिनॉप्सिस ठेवला तेव्हा मीही तुझ्यासारखीच होते. धर्म ही घरातली गोष्ट, ती बाहेर येऊन राजकारणात घुसली, आणि ती कशी घुसली हे आपण शोधायचं. या विषयात सगळे ज्यांचं नाव घेतात त्या होसे कासानोवांचं १९९४ सालचं पुस्तक तेव्हा माझ्या उशाशी असायचं. स्पेन, पोलंड, ब्राझील आणि अमेरिका हे देश घेऊन त्यांनी दाखवलं की आधुनिक काळात खाजगी होत जाईल असं वाटलेला धर्म १९८० च्या दशकात पुन्हा चव्हाट्यावर आला. पोलंडमधल्या कामगार संघटनेच्या मागे उभं राहिलेलं चर्च वगैरे. वाचताना पटतंच. मग मी आपला महाराष्ट्र त्या साच्यात बसवायला घेतला आणि पहिल्याच प्रकरणात अडकले. ‘पब्लिक’ला मराठीत काय म्हणायचं, इथंच.

सार्वजनिक. दुसरा शब्द आहे का? आणि हा शब्द आपल्याकडे रुजला कुठून, तर १८७० च्या पुणे सार्वजनिक सभेतून. आपल्याला शाळेत शिकवलं की ही सभा म्हणजे राजकीय चळवळीची नांदी, न्यायमूर्ती रानडे, दुष्काळाची चौकशी, आणि दिल्ली दरबाराला खादी घालून गेलेले सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी. पण सभा निघाली कशावरून हे कुणी सांगितलं होतं का तुला? पर्वतीच्या देवस्थानावरून! देवस्थानचा कारभार पाहणाऱ्या पंचांबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या, त्या सरकारकडे मांडायच्या होत्या, आणि मांडणारे तुम्ही कोण असं कुणी विचारू नये म्हणून रीतसर मुखत्यारपत्रं गोळा केली. पन्नास माणसांच्या सह्या आणल्या की तुम्ही सभासद. अशा पंचाण्णव सभासदांच्या मागे सहा हजार लोक उभे होते. ब्रिटिश अमलात, निवडणूक हा शब्दही धड ओळखीचा नसताना, देवळाच्या हिशेबासाठी.

हे वाचलं त्या दिवशी मी लायब्ररीतून उठून सरळ पर्वतीवर गेले. गुडघे दुखतात तरी. वर बसून भेळ खाल्ली आणि विचार करत राहिले. आपल्याकडे एक तयार ‘सार्वजनिक जीवन’ होतं आणि त्यात धर्म शिरला, असं झालेलंच नाही. ते जीवनच देवळाच्या पायरीवर भांडता भांडता उभं राहिलं. मग धर्माची त्यातली भूमिका काय, हा माझा प्रश्न म्हणजे दुधातली पाण्याची भूमिका काय असं विचारण्यासारखा झाला. गाइडना हा दृष्टान्त अजिबात आवडला नाही, ‘प्रबंधात घालू नका’ म्हणाले. म्हणून तुला लिहितेय.

पण यातलं ‘सर्व’ कोण? जोतीराव फुल्यांनी हेच विचारलं. ज्या सभेत शेतकरी नाही, महार-मांग नाही, ती कसली सार्वजनिक, असा त्यांचा रोख. आणि मला सगळ्यात गंमत याची वाटते की त्यांनी तो शब्द टाकून दिला नाही, हिसकावून घेतला. त्यांच्या शेवटच्या पुस्तकाचं नाव ‘सार्वजनिक सत्यधर्म’. ते गेले १८९० मध्ये, पुस्तक आलं १८९१ मध्ये. त्यात एक कुटुंब आहे. बाईनं वाचून बौद्ध धर्म घ्यावा, तिच्या नवऱ्यानं बायबल वाचून ख्रिस्ती व्हावं, मुलीनं कुराण वाचून मुसलमान व्हावं, मुलानं सार्वजनिक सत्यधर्मी व्हावं, आणि सगळ्यांनी एकमेकांचा हेवा न करता प्रेमानं एकत्र राहावं. तू म्हणतेस धर्म घरात ठेवावा. जोतीराव म्हणतात ठेवा की, पण मग घर एवढं मोठं करा. मी हे आमच्या घरी जेवताना वाचून दाखवलं तर भाऊ म्हणाला, ‘स्वयंपाक कुणी करायचा?’ त्याचं तेवढंच.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, तो शब्द गणपतीला चिकटला. (पहिला सार्वजनिक गणपती भाऊ रंगारींचा की टिळकांचा, हे मला विचारू नकोस, पुण्यात राहायचंय मला.) त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा दंगा झाला होता. तोवर मोहरमच्या ताबुतांत हिंदू हौसेनं नाचायचे. दंग्यानंतर ताबुतांवर बहिष्काराचा प्रचार झाला, उत्सवात गाणी म्हणत फिरणाऱ्या मेळ्यांच्या पदांतूनही तेच. इंग्रजांविरुद्ध लोकांना जागं करणारा उत्सव हे जितकं खरं, तितकंच हेही खरं. लोकांना एकत्र आणणारा शब्द कुणाला तरी बाहेर काढूनही एकत्र आणू शकतो. पुढे १९२६ मध्ये दादरला गणपतीच्या पूजेचा मान अस्पृश्यांनाही मिळावा म्हणून प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले आणि डॉ. आंबेडकर उभे राहिले, आणि त्या वादातून तिथं नवरात्र महोत्सव सुरू झाला. उलट कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जा, तिथं मशिदीत गणपती बसतात, आणि मोहरम त्याच दिवसांत आला तर मोहरमचे पंजेही शेजारी. तिथल्या एकाला मी मोठ्या अभ्यासू चेहऱ्यानं ‘याचं कारण काय?’ विचारलं. तो म्हणाला, ‘मॅडम, पाऊस असतोय की त्या दिवसांत.’ मी ते तसंच उतरवून घेतलंय.

पंढरपूरवर अख्खं प्रकरण आहे, तुला थोडक्यात सांगते. साने गुरुजींचं उपोषण १ मे ते १० मे १९४७, मग मंदिर अस्पृश्यांना खुलं. संविधान आलं, त्याच्या पंचविसाव्या कलमात ‘सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धार्मिक संस्था’ हिंदूंच्या सगळ्या वर्गांना खुल्या करण्याची मुभा राज्याला मिळाली. बघ, पुन्हा तोच शब्द! १९७३ च्या कायद्यानं बडवे-उत्पातांचे, म्हणजे तिथल्या पुजारी घराण्यांचे, वंशपरंपरागत हक्क काढले, ते कोर्टात गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला जानेवारी २०१४ मध्ये. चाळीस वर्षं. त्यानंतर मंदिर समितीनं पुजारी नेमायला जाहिरात दिली, जातीची अट नाही, बायकांनीही अर्ज करावेत. विठोबाच्या पूजेसाठी मुलाखती! यात सरकार देवळात शिरलं की लोक? माझ्या मते दोघंही, आणि सरकार मात्र एकदा शिरलं की निघायचं नाव घेत नाही. या वर्षी सार्वजनिक गणेशोत्सव राज्य महोत्सव झाला, ते तू वाचलंच असशील. मला ते फारसं रुचलं नाही. वर्गणीवर चालणाऱ्या गोष्टीला सरकारी अंगरखा घातला की हिशेब विचारणारे पन्नास सहीवाले कुठे जातात, अशी शंका येते.

म्हणजे तुझ्या डीजेचं काय? तो बंद व्हायलाच हवा, त्यात वाद नाही. पण रस्त्यावर आला म्हणून नाही. ज्यांच्या खिडक्या थरथरतात त्यांना कुणी विचारलं नाही, म्हणून.

आता माझं काम. वाईला तुझे आजोबा मंडळाचे खजिनदार होते आणि वाडा विकला तेव्हा त्यांची ट्रंक तुझ्या पोटमाळ्यावर गेली, असं तू कधीतरी म्हणाली होतीस. त्यात जमाखर्चाच्या वह्या असतील तर मला हव्यात. आरास किती, मांडव किती, हे मला इतर मंडळांतूनही मिळतं. मला वर्गणीदारांची नावं बघायचीयत. कुठल्या आळीपर्यंत पावतीपुस्तक गेलं आणि कुठून मागे फिरलं. कुणाकडून पैसे घेतले पण आरतीच्या मानकऱ्यांत त्यांचं नाव नाही. ज्यांनी दिलेच नाहीत त्यांच्यापुढे आजोबांनी काही शेरा मारलाय का. फोटो काढताना पानाची डावी कड कापू नकोस, आळीचं नाव बहुधा तिथंच असतं. वाळवी लागली असेल तर पानं उलटू नकोस, मीच येते पुढच्या शनिवारी.

सासूबाईंचे टाके निघाले का? त्यांना नमस्कार सांग.

तुझी,
वैजू