डी. फार्म.च्या प्रशिक्षणाचे २५० तास रुग्णालयातच व्हावेत

महोदय,

डी. फार्म. म्हणजे फार्मसीच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला की आमच्यासारख्या निवृत्त मंडळींचे फोन वाजू लागतात. ‘मॅडम, ट्रेनिंगचा फॉर्म भरायचाय. कुठे सही-शिक्का मिळेल का?’ मुलं काही लपवत नाहीत. आधीच्या बॅचने असंच केलं, म्हणून तीही विचारतात. एखादा मेडिकलवाला ओळखीचा निघतो, फॉर्मवर सक्तीच्या ट्रेनिंगचे ५०० तास भरले जातात आणि ज्याने डॉक्टरची एकही चिठ्ठी हातात धरलेली नाही असा मुलगा नोंदणीकृत फार्मासिस्ट होतो. सगळीकडे असंच चालतं असं मी म्हणणार नाही. मनापासून शिकवणारे मेडिकलवालेही मी पाहिले आहेत. पण ही पळवाट राजरोस वापरली जाते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमात हे ५०० तास किमान तीन महिन्यांत पूर्ण करायचे आहेत आणि त्यातले निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधं देण्यात जायला हवेत. रविवार सोडून रोज साडेसहा तास काम केलं तर हे गणित तीन महिन्यांत जेमतेम बसतं. म्हणजे नियम करणाऱ्यांना खरंखुरं काम अपेक्षित होतं. फक्त हे काम सरकारी रुग्णालयात करा किंवा परवानाधारक मेडिकलमध्ये करा, अशी मोकळीक दिलेली आहे, आणि सगळं पाणी तिथेच मुरतं.

माझी नोकरी जिल्हा रुग्णालयाच्या औषध खिडकीत आणि स्टोअरमध्ये झाली. तिथे जे शिकायला मिळतं ते मेडिकलच्या काउंटरवर मिळणं कठीण आहे. मेडिकलमध्ये गिऱ्हाईक ब्रँडचं नाव सांगतं आणि मुलगा फळीवरून तोच खोका काढतो. सिव्हिलच्या पुरवठ्यात औषध येतं ते मूळ नावाने, त्यामुळे केसपेपरवरचा ब्रँड वाचून आत नेमकं कोणतं औषध आहे हे मुलाला डोक्यात आणावंच लागतं. शिवाय वॉर्डचे इंडेंट, म्हणजे औषधांची मागणीपत्रं असतात, दोन ते आठ अंशांतला फ्रिज असतो, कुलपातल्या मॉर्फिनचं रजिस्टर असतं. पोटॅशियम क्लोराइडचे अँप्युल इतर इंजेक्शनांपासून लांब का ठेवायचे, हे स्टोअरमध्ये एकदा बघितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

लहान मुलांच्या पॅरासिटामॉलचंच उदाहरण घ्या. ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५. दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम द्यायचं तर सिरप ६ मिली लागतं आणि ड्रॉप्स फक्त दीड मिली. सिरपचं माप सांगून हातात ड्रॉप्सची बाटली दिली, तर बाळाच्या पोटात चौपट डोस जातो. हे पुस्तकात आहे आणि मुलं परीक्षेत बरोबर लिहितातही. पण खिडकीबाहेर भलीमोठी रांग, आईच्या कडेवर तापाने फणफणलेलं बाळ आणि मागून कुणीतरी ‘लवकर करा हो’ म्हणून ओरडतंय, अशा वेळी थांबून बाटलीवरचा आकडा वाचायचा आणि त्या माऊलीला ड्रॉपरवरची रेघ बोटाने दाखवायची, ही सवय रांगेसमोर उभं राहूनच लागते.

इन्शुलिनचंही तेच. आपल्याकडे कुपीत बहुधा १ मिलीत ४० युनिटचं इन्शुलिन येतं आणि त्याला लाल टोपणाची सिरिंज लागते. १०० युनिटच्या सिरिंजचं टोपण नारिंगी असतं. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चं इन्शुलिन भरलं तर डोस अडीचपट होतो. गोळ्यांची पट्टी कापून देतानाही एक्स्पायरी छापलेली कड शेवटपर्यंत ठेवायची असते, ही बाब कोणत्या पेपरात विचारतात?

आता नियमातली विसंगती पाहा. सहा वर्षांच्या फार्म. डी. अभ्यासक्रमासाठी हेच कौन्सिल ३०० खाटांचं रुग्णालय जोडलेलं असावं असा आग्रह धरतं, आणि ते योग्यच आहे. पण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खिडकीत बसायचं असतं ते बहुतेक डी. फार्म. झालेल्यांनाच. सपाट भागात ३० हजार लोकवस्तीला एक केंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात २० हजारांना, आणि तिथे सहसा एकच फार्मासिस्ट. शंका आली तर विचारायला शेजारी दुसरा कुणी नसतो. नर्सिंगच्या मुली शिकत असतानाच वॉर्डात राबतात, एमबीबीएस झालेले वर्षभर इंटर्नशिप करतात. मग औषध ज्याच्या हातून जायचं त्याचंच शिक्षण कागदावर का सोडायचं?

२०२२ च्या नियमांनी डी. फार्म.साठी नोंदणीआधी द्यायची एक्झिट परीक्षा आणली, त्याचं मी स्वागतच करते. पण ती बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा आहे. खिडकीत उभ्या असलेल्या आजीला चार पर्याय देता येत नाहीत.

रुग्णालयांची अडचण मला ठाऊक आहे. रिक्त पदं आहेत, आहे तो फार्मासिस्ट ओपीडीत बुडालेला असतो, शिकाऊ मुलं त्याला लोढणं वाटतात. पण महिनाभरात हीच मुलं साठा मोजायला, जवळच्या एक्स्पायरीचा माल पुढे काढायला, ई-औषधी या साठ्याच्या संगणक प्रणालीत नोंदी करायला मदत करू लागतात. १९९१ च्या नियमावलीत एका फार्मासिस्टमागे दोनच शिकाऊ आणि पुढच्या प्रत्येक फार्मासिस्टमागे एक, असं प्रमाण दिलं होतं. ते काटेकोर पाळलं तर कुणावर बोजा पडणार नाही. गरीब घरातल्या मुलांना तीन महिने बिनपगारी राबवणंही बरोबर नाही. त्यांना निदान एसटीभाडं आणि जेवणाएवढं विद्यावेतन मिळायला हवं, नाहीतर ती पुन्हा सही-शिक्क्याच्या शोधात निघतील.

माझी मागणी एवढीच आहे: चिठ्ठीवरचे ते २५० तास जिल्हा, उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयातच सक्तीचे करावेत. मुलांची हजेरी रुग्णालयाच्या यंत्रावर लागावी. रोज काय केलं याची वही फार्मासिस्टने तपासावी आणि राज्य कौन्सिलने नोंदणीच्या अर्जासोबत ती मागून घ्यावी. शिकवायला माणसं कमी पडत असतील तर आम्हा निवृत्तांना बोलवा. माझ्या माहितीतले बरेच जण मानधनाची अट न घालता येतील, आणि त्यांत पहिलं नाव माझं धरावं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी, सांगली