ग्लोव्हजच्या इंडेंटवर (मागणीपत्रावर) लाल शेरा मारणाऱ्या स्टोअरच्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

पुढच्या महिन्यात तुम्ही रिटायर होताय. शाल-श्रीफळ होईल, साहेब लोक बोलतील, ‘यांचं स्टॉक रजिस्टर कधी चुकलं नाही’ असं दोन-तीन जण तरी सांगतील. ते खरंच आहे. पण मी आजही ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, स्क्रब होऊन (हात जंतुनाशकाने घासून) उभी राहते ती तुमच्यामुळे, हे त्या दिवशी कुणी बोलेल असं वाटत नाही. म्हणून हे पत्र उघडच लिहितेय. दातांच्या दवाखान्यात, लॅबमध्ये, पार्लरमध्ये दिवसभर ग्लोव्हज घालणाऱ्या कुणाच्या वाचनात आलं तर बरंच.

माझे हात सोलायला लागले, तेव्हा निदान सुरुवातीला सगळ्यांनी एकच केलं होतं : स्क्रबचं औषध लागतंय. त्यांचंही काही अगदीच चुकीचं नव्हतं. सतत हात धुवायचे, घासायचे, नीट कोरडे व्हायच्या आत ग्लोव्हज चढवायचे, मग आत घाम. यात कातडी उलणारच. ग्लोव्हज घालणाऱ्यांच्या हातांना होणारा त्रास बहुतेक वेळा या जातीचा असतो, त्यात अ‍ॅलर्जी नसते. पण माझे चट्टे मनगटावर बरोबर ग्लोव्हजच्या कडेपाशी थांबायचे. सुट्टीवर गेले की हात सुधारायचे, ड्युटीला लागले की पुन्हा खाज, बारीक पुटकुळ्या, पाणी सुटणं. मेडिकलवाल्याने सुचवलेल्या ट्यूबने आठवडाभर बरं वाटायचं आणि मग दुपटीने उठायचं. मेट्रननी प्रेमानेच सांगितलं, ‘ओपीडीत ये, ओटी सोड.’ इतकी वर्षं ज्या कामात हात बसला, ते हातांमुळेच सोडायचं!

त्वचारोगाच्या मॅडमनी पॅच टेस्ट केली. पाठीवर छोट्या चकत्यांखाली वेगवेगळी रसायनं चिकटवतात, ४८ तास ती पट्टी भिजवायची नाही, मग काढून बघतात आणि एक-दोन दिवसांनी परत बघतात, कारण ही अ‍ॅलर्जी सावकाश उठते. भर एप्रिलात बिनआंघोळीची पाठ घेऊन वावरायचं, याबद्दल जास्त लिहीत नाही. निघालं ते असं, की मला थायुरॅम आणि कार्बामेट या रसायनांची अ‍ॅलर्जी आहे. रबराचं व्हल्कनायझेशन (चीक पक्का आणि लवचीक होणं) लवकर व्हावं म्हणून कारखान्यात ही घालतात. त्यांचा थोडा अंश तयार ग्लोव्हजमध्ये राहून जातो आणि घामाबरोबर कातडीत उतरतो. मॅडमनी मलम लिहून दिलं आणि सांगितलं, की ग्लोव्हज बदलले नाहीत तर मलमाचा उपयोग तात्पुरता.

ती चिठ्ठी घेऊन मी तुमच्याकडे आले. स्टोअरचा नेहमीचा मंत्र मला पाठ होता : ‘आहे तो स्टॉक संपू दे.’ तुम्ही तो म्हटला नाहीत. चष्मा लावून चिठ्ठी दोनदा वाचलीत आणि विचारलंत, ‘सिस्टर, हे थायुरॅम खोक्यावर लिहिलेलं असतं का?’

काका, या प्रश्नासाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे. कारण तोपर्यंत मला भेटलेला प्रत्येक जण एकच सांगत होता, की लेटेक्स (झाडाच्या चिकाचं रबर) सोडा, नायट्राइल घाला. मी नायट्राइल घालत होते आणि हात तसेच होते. नायट्राइल म्हणजे कृत्रिम रबर. त्यात चिकाची प्रथिनं नसतात हे खरं, पण पुष्कळशा नायट्राइलमध्ये हीच रसायनं, विशेषतः कार्बामेट, वापरलेली असतात. खोक्यावर ‘लेटेक्स फ्री’ एवढंच मोठ्या अक्षरांत. तुम्ही सप्लायरच्या पोराला फोनवर फोन लावलेत, ‘कंपनीकडून लेखी आण, नाहीतर कोटेशन परत ने’ म्हणालात आणि ही रसायनं न घालता बनवलेले ग्लोव्हज मिळतात हे शोधून काढलंत. ड्रेसिंगसारख्या किरकोळ कामाला व्हिनाइलचे (प्लास्टिकचे), ऑपरेशनला कृत्रिम रबराचे निर्जंतुक, तेही माझ्या साडेसहा नंबरात. महाग होते. तुम्ही अकाउंट्सला दाखवून दिलंत, की ते फक्त माझ्यापुरते घेतले तर वर्षाचा फरक एका ट्रेन्ड सिस्टरची जागा पुन्हा भरण्यापेक्षा कितीतरी कमी पडतो.

आणि तुमचा तो विनोद! दारू सोडवायला डायसल्फिरामची गोळी देतात, ती याच थायुरॅमच्या घराण्यातली, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. रबराच्या कारखान्यातल्या कामगारांना दारू प्यायल्यावर त्रास व्हायला लागला, हे १९३७ मध्येच एका कंपनीच्या डॉक्टरने लिहून ठेवलंय. तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणालात, ‘मग सिस्टर, तुम्ही पिणं सुरूच करू नका, सोडवायची सोय राहिली नाही.’

माझं काम झाल्यावर फाइल बंद केली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण तुम्ही आमच्या पलीकडच्या ओटीतल्या सिस्टरची गोष्ट लक्षात ठेवलीत. तिचं प्रकरण माझ्याहून वेगळं आणि माझ्याहून धोक्याचं. तिला खऱ्या लेटेक्सची, म्हणजे रबराच्या चिकातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी. ग्लोव्हज घातल्यावर काही मिनिटांत हातावर गांधी उठायच्या, मुलाच्या वाढदिवसाला फुगे फुगवले तर ओठ सुजले, केळं खाल्लं की तोंडात खाज. (केळी, पपई, किवी, अ‍ॅव्होकॅडो यांतली काही प्रथिनं चिकातल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात, म्हणून.) माझा त्रास कातडीपुरता राहतो. तिचा दम कोंडू शकतो, बीपी पडू शकतं. आणि तिने स्वतःचे ग्लोव्हज बदलून भागत नव्हतं, कारण बाकीचे सगळे पावडरचे ग्लोव्हज घालत होते. ग्लोव्हज सहज चढावेत म्हणून आत मक्याचं पीठ असतं. ही प्रथिनं त्याला चिकटतात आणि ग्लोव्हज ओढून काढताना त्याच्याबरोबर हवेत उडतात. शेजारच्या टेबलावर कुणी ग्लोव्हज काढले की हिला शिंका आणि छातीत घरघर.

म्हणजे मला पुरले असते माझ्यापुरते ग्लोव्हज, तिला हवी होती अख्ख्या ओटीची हवा स्वच्छ. हा फरक तुम्ही अर्ध्या पानात मांडलात. अमेरिकेने जानेवारी २०१७ पासून पावडरचे ग्लोव्हज बंदच केले, तो कागद नोटशीटला जोडलात आणि इंडेंटवर लाल पेनने लिहिलंत : ‘पावडरचे यापुढे घेऊ नयेत.’ अनेक सर्जन कुरकुरले, पावडरशिवाय चढत नाहीत म्हणाले. आठवड्यात सगळ्यांचे चढायला लागले.

याच तंट्यात मीटिंगला कुणीतरी म्हणालं होतं, की शिल्लक पावडरचे ग्लोव्हज टाकायचे कशाला, मावश्यांना द्या, कचऱ्याच्या कामाला चालतील. तुम्ही चिडलेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं. ‘मावशींना काय कातडी नाही का?’ एवढं बोलून तुम्ही ती खोकी सप्लायरला परत पाठवलीत. आमच्या हातांची चर्चा निदान झाली तरी. मावश्या वर्षानुवर्षं जाड रबरी हातमोजे घालून लाल पिशव्या उचलतात, फरशी पुसतात, त्यांच्या हातांच्या सालपटांना ‘साबण लागला’ म्हणून मिटवलं जातं. दोघींना तुम्ही स्वतः स्किन ओपीडीत पाठवलंत. एकीला खरंच साबणाचंच होतं, आत सुती मोजे घालून निभावलं. दुसरीला रबराचीच अ‍ॅलर्जी निघाली आणि तिच्या पायांवर चपलेच्या पट्ट्यांचे काळे डाग का होते, त्याचाही उलगडा झाला.

तुम्हाला एक हकीकत सांगायची राहून गेली होती. शस्त्रक्रियेत रबरी ग्लोव्हज आले कसे? १८८९-९० च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कॅरोलाइन हॅम्प्टन नावाच्या ओटी सिस्टर होत्या. जंतुनाशक औषधांनी त्यांच्या हातांची सालं निघायला लागली, नोकरी सुटायची वेळ आली. तिथले सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी ग्लोव्हज करून घेतले. (पुढे त्या दोघांनी लग्नही केलं, पण तो विषय वेगळा.) पेशंटला जंतू लागू नयेत हा विचार नंतरचा. ज्या वस्तूने माझे हात सोलले, तिची पहिली ऑर्डर एका सिस्टरचे हात वाचवायलाच गेली होती. तेव्हाही कुणीतरी बसून खरेदीचा कागद लिहिलाच असेल. त्याचं नाव कुठे सापडत नाही.

आता एक विनंती. तुमच्या कपाटातली ‘ग्लोव्हज : त्रासाचे’ असं लिहिलेली फाइल नवीन येणाऱ्यांच्या हातात तुम्ही स्वतः द्या, नुसती टेबलावर ठेवून जाऊ नका. सप्लायर बदलला की कंपनीकडून लेखी पुन्हा मागवायचं, तोच ब्रँड असला तरी मागवायचं, हे त्यांना समजावून सांगा. लेटेक्सची अ‍ॅलर्जी असलेल्या पेशंटसाठी तुम्ही लावलेल्या ट्रॉलीतला सिलिकॉनचा कॅथेटर संपत आलाय, तोही जाण्याआधी मागवून ठेवा. इंडेंट मी आजच पाठवलंय, सही तुमची हवी.

तुमची,
ओटी दोनमधली साडेसहा नंबरवाली सिस्टर