मायक्रोग्रॅव्हिटीचा प्रयोग मुलांचा, तर मुलांनाच करू द्या

मा. संपादक,
स.न.

हायस्कूलच्या मुलांनी मायक्रोग्रॅव्हिटीत, म्हणजे वजन जवळपास जाणवतच नाही अशा स्थितीत, प्रयोग केल्याच्या बातम्या वाचून खूप आनंद होतो, पण मुलांनी नक्की प्रश्न काय विचारला होता ते बातमीत शोधूनही सापडत नाही. खरंतर तेच सगळ्यात भारी असतं!

ज्युडिथ माइल्स ही अमेरिकेतली शाळकरी मुलगी, तिला पडलेला प्रश्न इतकाच की वजन जाणवत नसेल तर कोळी जाळं कसं विणेल. १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकेच्या अंतराळ स्थानकावर अराबेला आणि अनिता असे दोन कोळी गेले. अराबेलाचं सुरुवातीचं जाळं पार वेडंवाकडं, पण काही दिवसांत तिला जमायला लागलं, फक्त धागा जमिनीवरच्यापेक्षा बारीक निघाला. प्रश्न त्या मुलीचा स्वतःचा होता म्हणून आजही लोक तो सांगतात.

आणि यासाठी अंतराळातच जायला हवं असं काही नाही. स्पेस स्टेशन ४०० किमीवर आहे, तिथेही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असतं, तरी सगळं तरंगतं कारण स्टेशन आणि आतली माणसं सोबतच पृथ्वीभोवती पडत असतात. मग प्रयोगाची पेटी उंचावरून सोडली तरी पडेपर्यंत आत तेच होणार ना. अमेरिकेत क्लीव्हलँडला नासाचा ड्रॉप टॉवर, म्हणजे पेटी खाली सोडायचा मनोरा आहे, तिथे पेटी साधारण २४ मीटर पडते आणि प्रयोगाला २.२ सेकंद मिळतात, हवेचा अडथळा नको म्हणून ती दुसऱ्या मोठ्या पेटीच्या आत पडते. हायस्कूलच्या टीमनी तिथे स्वतः डिझाइन केलेले प्रयोग केलेत.

२.२ सेकंदच हातात असले की मुलांचं डोकं कसं चालतं बघा. रोपं बाद, स्फटिक बाद, त्यांना दिवसच्या दिवस लागतात. उरतं ते ज्योत, थेंब, बारीक नळीत चढणारं पाणी. मग कॅमेरा कुठे बसवायचा, ज्योत सोडायच्या आधी पेटवायची की पडताना, खाली आपटल्यावर बॅटरी निसटली तर काय, हे सगळं त्यांनीच भांडून ठरवायचं.

साधी बाटली घ्या, बुडाजवळ भोक पाडा, पाणी भरा, झाकण काढा, धार लागली की दोन मीटरवरून सोडून द्या आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करा. जेमतेम ०.६ सेकंद मिळतात पण बाटली पडत असताना धार बंद झालेली स्पष्ट दिसते. ते बघून मुलं जे पुढचं विचारतात ना, साबणाचं पाणी घेतलं तर, तेल घेतलं तर, भोक मोठं केलं तर, प्रयोग तिथून सुरू होतो. पण बऱ्याच ठिकाणी नेमकं इथेच मोठी माणसं मध्ये पडतात, विषय तेच ठरवतात, जोडणी तेच करतात, मुलांच्या वाट्याला बटण दाबणं आणि पोस्टर. का? तर बक्षीस हुकू नये म्हणून! पहिल्यांदा पेटी आपटून सगळं विस्कटलं तर विस्कटू द्या, कुठली तार का सुटली हे शोधायचं कामही त्यांचंच आहे आणि परीक्षकांनी त्यालाही मार्क द्यायला हवेत.

तुम्हाला एकच विनंती, पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा मुलांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत छापा, आणि प्रयोग फसला असेल तर तो कसा फसला तेही येऊ द्या.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका