घरे हवीतच, क्लिंकर कमी हवे

संपादक महोदय,

घरबांधणीतल्या कार्बन उत्सर्जनाचा विषय निघाला की घरे बांधायची की हवामान सांभाळायचे, असा पेच मांडला जातो. बांधकामावर देखरेख करणारा अभियंता म्हणून मला हा पेचच मान्य नाही. ज्यांच्या डोक्यावर पक्के छप्पर नाही त्यांना ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही आणि तशी गरजही नाही.

जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजून क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होते ते खडे, बनवताना इंधन जळतेच, पण निम्म्याहून अधिक वायू खुद्द चुनखडीतून सुटतो; म्हणजे भट्टी स्वच्छ विजेवर चालवली तरी तो सुटणारच. म्हणून गोणीतले क्लिंकर कमी करणे भाग आहे. त्याच्या जागी फ्लाय ॲश (औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राख) आणि स्लॅग (पोलाद कारखान्याच्या भट्टीतली मळी) आपण वापरतोच. शिवाय भाजलेली चिकणमाती व कच्च्या चुनखडीची पूड घालून क्लिंकर निम्म्यावर आणणारे एलसी-३ सिमेंट उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत घटवू शकते.

अडते ते निविदेच्या कागदावर. स्लॅगचे किंवा फ्लाय ॲशचे प्रमाण जास्त असलेल्या काँक्रीटचा क्यूब, म्हणजे चाचणीसाठी ओतलेला ठोकळा, सातव्या दिवशी यंत्रात दाबला की आकडा कमी येतो, भोवतालचे चेहरे पडतात आणि पुढच्या मालात सिमेंट वाढवण्याचा आदेश निघतो. त्याच मालाचे राखून ठेवलेले क्यूब ५६व्या दिवशी तपासले, तर ताकद पुष्कळ वाढलेली दिसते. पायावर पूर्ण भार यायला कित्येक महिने लागतात, मग त्याची परीक्षा नेहमीच्या रिवाजाप्रमाणे २८व्या दिवशीच का संपावी? स्लॅबचे सेंटरिंग (खालचा तात्पुरता आधार) लवकर काढायचे असते, तिथे हा हिशेब वेगळा, हे मान्य. अशा काँक्रीटला पाणीही जास्त दिवस मारावे लागते आणि त्यात हयगय झाली, तर दोष सिमेंटच्या माथी मारला जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

वरच्या मजल्यांवर भार कमी असूनही हिशेबाचा कंटाळा म्हणून सगळ्या मजल्यांचे कॉलम (खांब) एकाच मापाचे ठेवणे, हीही अशीच उधळपट्टी.

माझी मागणी साधी आहे. सार्वजनिक गृहयोजनांच्या निविदांत सिमेंटच्या वजनाऐवजी काँक्रीटची ताकद व टिकाऊपणा मागावा, पायासाठी ५६ किंवा ९० दिवसांची चाचणी ग्राह्य धरावी आणि प्रति घनमीटर उत्सर्जनाची कमाल मर्यादा दराच्या रकान्याशेजारीच छापावी.

आपला,
एक स्थापत्य अभियंता